प्रुइटसाहेबाचा दुभाष्या

१९७३ सालच्या डिसेंबरात ऑर्व्हिल प्रुइट नावाचा अमेरिकन दिग्दर्शक भुताचा सिनेमा काढायला भिवंडीत आला आणि सतरा दिवस राहून गेला. त्या सतरा दिवसांत मी त्याचा दुभाष्या होतो. पुढे त्या सिनेमातला जो भाग बघून लोक पोट धरून हसले, तो माझा. आज हे कबूल करतो. तेव्हा मात्र तोच भाग मी शाळेच्या स्टाफरूममध्ये हातवारे करून ऐकवत होतो.

माझं नाव केसरीनाथ भोईर. भिवंडीच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो आणि खारबावहून रोज सायकलनं यायचो-जायचो. वय एकतीस. एवढ्यावर समाधान मानायला हरकत नव्हती, पण मी लेखकही होतो. म्हणजे ठाण्याच्या एका दिवाळी अंकात 'अघोरनाथ' या टोपणनावानं माझ्या दोन भयकथा छापून आल्या होत्या. दुसऱ्या कथेचं शेवटचं पान छापखान्यात गळालं. अंक गावोगाव गेला, पण शेवट कुठाय म्हणून विचारणारं एकही पत्र आलं नाही. यावरून काही बोध घ्यायला हवा होता. मी असा घेतला, की शेवट नसल्यामुळे वाचक जास्तच घाबरले असणार.

प्रुइट भिवंडीत आला त्याचं कारण साधं होतं. परदेशी सिनेमे आणून मुंबईत लावणारा एक शेठ होता, आणि त्या शेठच्या मेहुण्याचा भिवंडीतल्या वंजारपट्टीला सोळा लूमचा कारखाना होता. प्रुइटला स्वस्तात सिनेमा काढायचा होता, शेठला जागा देता येत होती. गोष्ट अशी ठरली होती, की एक अमेरिकन इंजिनियर कापड कारखान्यात येतो आणि तिथल्या लूम आपोआप कफनाचं कापड विणायला लागतात. बाकीचं तिथं जाऊन बघू, असं प्रुइटनं ठरवलं होतं. इंग्रजी जाणणारा स्थानिक माणूस हवा म्हणून मेहुण्यानं आमच्या हेडमास्तरांना विचारलं. हेडमास्तर म्हणाले, "आमचे भोईर तर भुतांवर लिहितातसुद्धा." नाताळच्या सुट्टीला जोडून मी आठ दिवसांची रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं : 'आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक कार्य'.

माझी बायको काशी तो अर्ज वाचून म्हणाली, "भुताचाच काम हाय नं? मंग त्यात सांस्कृतिक काय हाय?"

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो. त्या काळात माझ्या तोंडी हे वाक्य फार असायचं.

दिग्दर्शक म्हणजे उंचापुरा, ओठात सिगार, काळा चष्मा, असं माझ्या मनात होतं. जीपमधून उतरला तो एक बुटका, टकला, चौपन्न-पंचावन्नचा माणूस. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं. तहसील कचेरीतला हेडक्लार्क म्हणून सहज खपला असता. कारखान्यात पाऊल टाकल्याबरोबर सुताची कसपटं नाकात जाऊन तो एकापाठोपाठ नऊ वेळा शिंकला. मग डोळे पुसत मला म्हणाला, "तुम्ही केसरी?" इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असल्यामुळे तो मला नक्की काय म्हणत होता हे कळायला मार्ग नव्हता. मी सतरा दिवस माझ्या सोयीनं 'तुम्ही' धरून चाललो.

कारखान्यासमोरच्या चहाच्या हॉटेलात सकाळी आम्ही दोघं बसायचो. तिथं त्यानं मला आपली सगळी हकिगत सांगितली. त्याचा बाप ओहायो नावाच्या भागात टेलिफोनच्या तारा दुरुस्त करायचा. प्रुइट महायुद्धानंतर हॉलिवूडला गेला तो टंकलेखक म्हणून. दुसऱ्यांच्या पटकथा टाइप करता करता आपणही लिहावं असं त्याला वाटायला लागलं. एक दिवस एका निर्मात्यानं त्याला गोदामात नेलं. तिथं रबराचे चाळीस मुखवटे पडले होते, कुठल्यातरी बुडालेल्या सर्कशीचे. निर्माता म्हणाला, "यांच्यावर गोष्ट लिही. सोमवारपर्यंत."

"तो गुरुवार होता," प्रुइट म्हणाला. "मी लिहिली. तेव्हापासून असंच चाललंय. कुणाकडे बंद पडलेला दातांचा दवाखाना असतो, कुणाकडे मोडकी पाणबुडी. एकाकडे बैलाएवढी लाकडी गोगलगाय होती. ती कुणी का बनवली होती हे शेवटपर्यंत कळलं नाही. वस्तू आधी येते, मग मी गोष्ट लिहितो. अशा सव्वीस लिहिल्या. नऊ सिनेमे स्वतः काढले."

"लोक घाबरतात?" मी विचारलं.

"आमचे सिनेमे उघड्या मैदानात लागतात. लोक मोटारीत बसून बघतात. निम्मे तर बघतही नाहीत, जोडीनं आलेले असतात." त्यानं चहा संपवला. "माझी आई मात्र प्रत्येक सिनेमा नीट बघते. मग फोन करून सांगते, की मुखवट्याची मानेवरची शिवण दिसत होती. ती कधीच घाबरली नाही. आणि आता तिकडे मोठमोठ्या कंपन्या भुताचे सिनेमे काढायला लागल्यात. ते बघून लोक खरोखर चक्कर येऊन पडतात म्हणे. माझ्या मागच्या सिनेमाला लोक पहिल्यापासून शेवटपर्यंत हसले. त्यांना वाटलं, विनोदीच आहे."

मी सहानुभूतीनं मान हलवली. मनात म्हणालो, या माणसाला माझीच गरज होती.

त्याची कामाची तऱ्हा अशी, की जिथं जाईल तिथल्या माणसांना एकच प्रश्न विचारायचा : तुम्हाला कशाची भीती वाटते? विचारायचं मी, उत्तर इंग्रजीत सांगायचं मी, आणि सगळं टेपवर घ्यायचं लडकूनं. लडकू आमचा साउंडवाला. मूळ जवळच्याच दापोड्याचा, पण मुंबईच्या स्टुडिओत बरीच वर्षं घालवलेला, कानाला कायम हेडफोन लावून बसणारा अबोल माणूस. तो मराठी आहे हे मला माहीत होतं. त्याला इंग्रजीही समजतं हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही. हेडफोनवाल्या माणसाला फक्त आवाज ऐकू येतात, अर्थ नाही, अशी काहीशी माझी समजूत असावी.

पहिल्या दिवशी फिटर नवशाला विचारलं. लूम बिघडली की नवशाच ती दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "बायकोच्या भावाला भितो. येतो तो म्हैनाभर जात न्हाय." आता हे काय अमेरिकेला सांगायचं? मी सांगितलं, की हा माणूस गिऱ्ह्याला भितो, आणि खाडीतला गिऱ्हा माणसाला ओल्या हातानं कसा बोलावतो त्याचं जरा वर्णन केलं. प्रुइटनं लिहून घेतलं. मला धीर आला.

दुसऱ्या दिवशी गुणाबाई बसली. गुणाबाई कांड्या भरायची. म्हणजे मोठ्या रिळावरचं सूत लहान कांडीवर गुंडाळायचं, ती कांडी मग धोट्यात बसते आणि लूम चालते. चाळिशीची, काटक, आणि लूमवाल्या सगळ्यांसारखी ओरडून बोलणारी. प्रुइटचा प्रश्न मी तिला सांगितला. तिनं हातातली कांडी बाजूला ठेवली, काम थांबवताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं, आणि म्हणाली :

"लूम बंद पडल्या का मना भ्या वाटतं, मास्तर. चालू हायत तवर समदं बरं हाय. एकदम थांबल्या म्हंजे कोनाचं तरी काय तरी झालेलं असतं. आमचे हे गेले, तवा अशाच थांबल्या व्हत्या."

तिचा नवरा नामा मला माहीत होता. चार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कारखान्यात त्याचा पायजमा फिरत्या पट्ट्यात सापडला. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडला. गुणाबाई त्याच कारखान्यात दुसऱ्या टोकाला कांड्या भरत होती. सगळ्या लूम एका दमात थांबल्या, आणि त्या शांततेत ती उठून बघायला गेली.

हे सगळं मला माहीत असून मी काय केलं? मला वाटलं, यात भूत कुठंय? हा तर अपघात. वाक्यही किती गावठी. मी प्रुइटकडे वळलो आणि घसा खाकरून सांगायला सुरुवात केली. कारखान्याच्या माळ्यावर एक हडळ राहते. तिची पावलं उलटी आहेत. पायांत हाडांचे पैंजण आहेत. ती मेलेल्या बायकांच्या केसांचं कापड विणते आणि दर अमावस्येला एका विणकराला घेऊन जाते. हे सगळं माझ्या दिवाळी अंकातल्या दुसऱ्या कथेतलं होतं, शेवटच्या पानासकट. निदान एका माणसानं तरी तो शेवट ऐकला.

प्रुइटचे डोळे चमकले. "उलटी पावलं," तो म्हणाला. "ही बाई फार मोठी आहे." गुणाबाई पुन्हा कांड्या भरायला लागली होती.

पुढच्या तीन दिवसांत मुंबईहून रबराची पावलं बनून आली, टाचा पुढे, बोटं मागे. प्रुइटच्या मते गोष्ट गुणाबाईची, म्हणून हडळही तीच. ती पावलं हातात घेऊन तिनं उलटसुलट करून पाहिली आणि मला विचारलं, "मास्तर, ह्ये कशापायी?"

"साहेबाला आवडलंय," मी म्हणालो.

ती पावलं घालून चालताना ती दोनदा पडली. तिसऱ्यांदा तिनं नवशाचा खांदा धरला. हडळ फिटरचा खांदा धरून येते हे पडद्यावर बरं दिसलं नसतं, म्हणून नवशालाही काळं घोंगडं पांघरून भूत करण्यात आलं. मांत्रिकाचं काम करणारा मुंबईचा नट ऐनवेळी आला नाही. तेव्हा प्रुइटनं माझ्याकडे बघितलं, आणि मी इतक्या पटकन हो म्हणालो की त्याला विचारायचीही वेळ आली नाही. मला कमरेपर्यंत दाढी लावली. आमच्या सिनेमातली सगळी रात्र दुपारी बारा ते तीनमध्ये घडायची. कॅमेऱ्यापुढे निळी काच लावून भर उन्हात चित्रीकरण केलं की पडद्यावर चांदणं दिसतं म्हणे. त्यामुळे मी 'हे काळरात्री!' अशी हाक मारायचो तेव्हा घामानं दाढी हनुवटीवरून सुटून छातीवर लोंबायची. बघायला जमलेल्या कामगारांत माझ्या वर्गातली पोरंही असायची. ती टाळ्या वाजवायची. मला वाटायचं, अभिनयाला.

नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत प्रुइटनं मला बोलावलं. तो लूमच्या एका रिकाम्या बीमवर, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळायच्या रुळावर बसला होता. मांडीवर टेपरेकॉर्डर, शेजारी लडकू.

"केसरी," तो म्हणाला, "ही बाई पंधरा सेकंद बोलली. तुम्ही चार मिनिटं बोललात. मी मोजलं. मराठी फार दाट भाषा असली पाहिजे."

"दाट आहेच," मी म्हणालो.

"फिटर तीन सेकंद बोलला. त्याच्यातून तुम्ही एक अख्खी खाडी काढलीत."

मी दाढी नीट केली. प्रुइटनं टेप मागे नेली आणि गुणाबाईचा आवाज पुन्हा लावला. मग लडकूकडे पाहिलं. लडकूनं हेडफोन काढला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. लूम थांबल्या की तिला भीती वाटते. थांबणं म्हणजे कुणालातरी काहीतरी झालं. नवरा मेला तेव्हा लूम थांबल्या होत्या. एवढंच. क्रियापदं चुकीची होती, पण अर्थात तसूभर फरक नव्हता.

प्रुइटनं टेप बंद केली. मग त्यानं शेजारी पडलेलं रबराचं पाऊल उचललं आणि मला फेकून मारलं. ते छातीवर लागलं, दाढी निघाली आणि दोन्ही वस्तू एकदमच खाली पडल्या. सतरा दिवसांत तो एवढा एकदाच भडकला.

"का?" त्यानं विचारलं.

"तिचं वाक्य फार साधं होतं," मी म्हणालो. खोटं बोलायला काही सुचेना, म्हणून खरं बोललो.

"माझ्याकडे मुखवटे घेऊन येणारे लोक हेच म्हणतात," तो म्हणाला. "बावीस वर्षं झाली, कुणीतरी मला काहीतरी देतो आणि मी त्याच्यावर गोष्ट बसवतो. पहिल्यांदा एका बाईनं नुसती गोष्ट दिली. ती माझ्यापर्यंत यायच्या आत तुम्ही तिला पाय लावलेत."

मी खाली बघत उभा राहिलो. वर्गात पोरांना मी असाच उभा करायचो, त्यामुळे ती अवस्था कशी असते याचा अभ्यास झाला.

मग तो जरा शांत झाला. त्याच्या डोक्यात काहीतरी सुरू झालं होतं. तो उठला, कारखान्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला, मेन स्विच कुठं आहे ते नवशाकडून बघून घेतलं आणि परत आला. म्हणाला, "सोळाच्या सोळा लूम चालू करायच्या. बाई तिच्या जागी बसेल, रबर नाही, रंगरंगोटी नाही. मग स्विच पाडायचा. मला फक्त तिचा चेहरा हवा. पण ती नाही म्हणाली तर विषय संपला. तिला विचारून या. या वेळी ती जेवढं बोलेल तेवढंच."

गुणाबाई कारखान्याच्या मागच्या ओट्यावर भाकर खात होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सांगून टाकलं, की तुम्ही जे बोललात ते मी साहेबाला सांगितलंच नाही. हडळ, पैंजण, उलटे पाय, सगळं माझ्या मनचं.

तिनं आपल्या पायाकडे बघितलं. "म्हंजे मी पडले, पाय मुरगाळला, त्ये तुमच्यापायी?"

"हो."

"माझ्या सांगण्यात काय चुकलं व्हतं, मास्तर?"

मी म्हणालो, "काही नाही चुकलं. माझंच डोकं." मग साहेबाला काय हवंय ते सांगितलं. लूम थांबवायच्या हे ऐकल्यावर तिनं घास खाली ठेवला.

"इचारतोय का करतोय?"

"विचारतोय. तुम्ही नाही म्हणालात तर नाही."

तिनं उरलेली भाकर फडक्यात गुंडाळली. मग म्हणाली, "करीन. पन लगेच परत चालू करायच्या. थांबवून तशाच सोडून द्यायच्या न्हायत. मी बोल्ले का चालू झाल्या पायजेत. त्याला सांगा बरोबर."

मी प्रुइटकडे गेलो आणि शब्दाला शब्द लावून सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि स्वतः जाऊन नवशाला स्विचपाशी उभं केलं. खुणेनं त्याला समजावलं, की स्विच खाली करायचा तो प्रुइटच्या हातवाऱ्यावर, पण वर करायचा तो गुणाबाईच्या तोंडून शब्द निघाल्यावर, प्रुइटकडे बघायचंसुद्धा नाही.

दुपारी सोळाच्या सोळा लूम चालू झाल्या. त्या आवाजात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, जमीन पायाखाली थरथरते. गुणाबाई आपल्या जागी कांड्या भरत होती. कॅमेरा तिच्यापासून दोन हातांवर. दोन-तीन मिनिटं काहीच झालं नाही, नुसता खडखडाट. मग प्रुइटनं हात खाली केला.

मी अघोरनाथ. मी स्मशानं, विहिरी, पिंपळ, सगळ्यांवर लिहिलं होतं. पण त्या दुपारी लूम थांबल्या, आणि गुणाबाईचे हात कांडीवर तसेच राहिले, आणि तिनं मान अगदी हळू दाराकडे वळवली, तेव्हा मीही दाराकडेच बघायला लागलो. ती रडली नाही, किंचाळली नाही. ऐकत होती नुसती. कारखान्यात चाळीस माणसं होती, त्यातलं एकही हललं नाही. आपल्यातलंच कुणीतरी गेलंय आणि कोण ते अजून कळायचंय, असं झालं.

"चालू करा!" गुणाबाई ओरडली. "चालू करा रं!"

नवशानं स्विच वर केला. लूम सुरू झाल्या. प्रुइट 'कट' म्हणायचं विसरला होता. त्यानं खिशातला रुमाल काढला आणि नाक पुसलं, पण या खेपेला शिंक आली नव्हती.

राहिलेल्या दिवसांत त्यानं जमेल तेवढं बदललं. पण निम्मा सिनेमा आधीच झाला होता, आणि शेठनं ठरवून दिलेली फिल्मची रिळं संपत आली होती. हडळ काढून टाकली तर सिनेमा पाऊण तासाचा उरला असता. त्यामुळे हडळ राहिली, नवशाचं भूत राहिलं आणि मांत्रिकही राहिला. जाताना प्रुइटनं गुणाबाईला नमस्कार केला, मग माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "केसरी, तुमची दाढी मला लेखनापेक्षा बरी वाटली." मी ते कौतुक म्हणून घेतलं. घरी गेल्यावर काशीनं त्याचा अर्थ समजावून सांगितला.

वर्षभरानं त्याचं पत्र आलं. सिनेमा अमेरिकेत लागला होता, मैदानात, दुसऱ्या एका सिनेमाच्या जोडीला. लूम थांबतात त्या जागी मोटारीतल्या लोकांना वाटलं, आपल्या खिडकीला टांगलेला स्पीकर बिघडला. सगळ्यांनी मिळून हॉर्न वाजवायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी थेटरवाल्यानं कात्री घेऊन तो तुकडाच कापून टाकला. 'तरी माझ्या आईनं तो पहिल्या दिवशी पाहिला होता,' प्रुइटनं लिहिलं होतं. 'तिनं फोन केला. शिवणीबद्दल काही बोलली नाही. विचारलं, ती बाई बरी आहे ना?' त्यानंतर त्याला कुणी सिनेमा दिला नाही. टेलिव्हिजनच्या मालिकांसाठी तो थोडंफार लिहायचा.

सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात तो सिनेमा हिंदीत डब होऊन भिवंडीत लागला, मॅटिनीला. नाव होतं 'चुडैल का कारखाना'. पोस्टरवर रबराची पावलं, खाली माझी दाढी. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण पोस्टर पुरेसं होतं. शुक्रवार म्हणजे लूमचा सुट्टीचा दिवस, थेटर भरून गेलं. गुणाबाई आणि काशी माझ्या शेजारी बसल्या होत्या. पुढच्या रांगांत माझे आजी-माजी विद्यार्थी.

हडळ आली आणि थेटर हसायला लागलं. ती नवशाच्या खांद्यावर हात ठेवून आली तेव्हा तर लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मग मी आलो. मला कुणीतरी हिंदीत बारीक, पोरीसारखा आवाज दिला होता. दाढी डाव्या बाजूनं सुटलेली स्पष्ट दिसत होती, आणि चांदण्यात माझी सावली नेमकी माझ्या पायाखाली पडली होती, भर दुपारची असते तशी. 'भोईर सर!' म्हणून पुढून आरोळी उठली. काशी पदरात तोंड घालून गदागदा हसत होती. मलाही शेवटी हसू आलं. गुणाबाई तेवढी गंभीर होती. मला म्हणाली, "लुगड्याचा रंग बरोबर न्हाय आला."

या प्रिंटमधून तो तुकडा कापलेला नव्हता. मुंबईच्या शेठनं बहुतेक तो पाहिलाच नसावा.

पडद्यावर लूम चालत होत्या. थेटरातले लोक अजून मांत्रिकाच्या नकला करत होते. मग लूम थांबल्या.

हसणं थांबलं. एका क्षणात, स्विच पाडल्यासारखं. पाच-सहाशे माणसं, बहुतेक सगळी लूमवर काम करणारी. कुणी उत्तर प्रदेशातल्या आझमगढचा, कुणी तिथल्याच बस्ती जिल्ह्याचा, कुणी तेलंगणाचा, कुणी आमच्या खाडीकाठचा. पडद्यावर गुणाबाई मान वळवत होती. मागच्या बाजूला एक माणूस उभा राहिला. आपण थेटरात आहोत हे तो विसरलाच असावा. "अरे चालू करो भाई," तो म्हणाला. ओरडून नाही, विनवणी केल्यासारखा. दुसरा कुणीतरी म्हणाला, "चालू करा." मग पाच-सहा आवाज एकदम आले. आणि मग पडद्यावरची गुणाबाई, परक्या बाईच्या आवाजात, ओरडली, आणि लूम सुरू झाल्या.

काशीनं गुणाबाईचा हात धरला होता. तो तिनं सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही. राहिलेल्या अर्ध्या तासात उलटी पावलं आणखी दोनदा आली, पण आता कुणी फारसं हसलं नाही.

बाहेर उन्हात आल्यावर चार-पाच माणसं गुणाबाईपाशी आली आणि नुसतीच उभी राहिली. एका म्हाताऱ्या विणकरानं तिला विचारलं, "आप का कौन था?" "घरवाला," ती म्हणाली. त्यानं आपल्या डाव्या हाताची तीन बोटं दाखवली. चौथं आणि पाचवं नव्हतं. मग ती दोघं कुठल्या कारखान्यात कोण होतं, मुकादम कोण होता, असलं बोलत उभी राहिली. मी चार पावलांवर उभा होतो. त्यांना दुभाष्याची गरज नव्हती.

भयकथा मी त्यानंतर लिहिल्या नाहीत. त्यामुळे मराठी साहित्याचं काही नुकसान झाल्याचं ऐकिवात नाही. शाळेतली पोरं मला पाहिलं की अजून हनुवटीवरून हात फिरवतात.

सिनेमा पाहिला त्यानंतरच्या रविवारी मी प्रुइटला पत्र लिहायला बसलो. त्याला हे कळायला हवं होतं. पहिला कच्चा खर्डा सात पानांचा झाला. त्यात थेटराचं वर्णन होतं, उन्हाचं होतं, माझ्या मनःस्थितीचं तर दोन पानं होतं. तो फाडला. दुसरा तीन पानांचा. तोही फाडला. शेवटी जे झालं ते लिहिलं : लूम थांबल्यावर लोक गप्प झाले, एक माणूस उभा राहून चालू करा म्हणाला, मग बरेच जण म्हणाले, आणि तुमच्या आईला कळवा की गुणाबाई बरी आहे.

काशीला वाचून दाखवलं, मराठीत.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच," मी म्हणालो, आणि पाकीट चिकटवायला डिंक शोधायला लागलो.